हौसाची दोरी

आमच्या वस्तीच्या वाटेवर मुंजोबाचा पिंपळ आहे. दिवेलागण झाली की तिथून कोणी जात नाही. मी जातो. त्याच्या पारावर बसून विड्या ओढल्यात, आणि वेळ आली तेव्हा त्याच्या बुडाशी लघवीही केलीय. मुंजोबानं मला काही केलं नाही. त्याच्या अंगात धमक असती तर त्यानं आधी आमच्या रस्त्याचा मुरूम खाल्लेल्यांना धरलं असतं.

हे आधी सांगून टाकतो. कारण या भुताखेतांच्या ग्रुपवर लिहिणारे सगळे म्हणतात, माझा विश्वास नव्हता, आणि चौथ्या ओळीला त्यांचा विश्वास बसतो. माझा अजून बसलेला नाही. जे झालं ते झालं तसं सांगतो, पुढं तुमचं तुम्ही बघा.

मी सातवीपर्यंत शिकलेला माणूस. वहीत लिहिलं, सून अश्विनीनं मोबाईलवर उतरवलं. हाय-न्हाईचं आहे-नाही तिनं केलं. बोलण्यातलं मात्र तसंच ठेव म्हटलं, कारण आमची हौसा जन्मात कधी 'आहे' म्हणाली नाही.

हौसा माझी बायको. गेल्या वर्षी वैशाखात गेली.

श्रीगोंदा तालुक्यात, घोडच्या कालव्याला लागून आमची वस्ती आहे. गावाचं नाव लिहीत नाही, लोक उगा चौकशीला येतात. दोन खोल्या, पुढं पत्र्याची पडवी, खाली शहाबादी फरशी, समोर लिंबोणीची बाग. पडवीत दोन खाटा. भिंतीकडची माझी, बागेकडची हौसाची. मधे चार पावलांचं अंतर. नवरा-बायकोच्या खाटा एवढ्या लांब का, म्हणून पाहुण्या बाया हसायच्या. हौसा म्हणायची, "मिल्ट्रीवालं घोरतं लई." मी घोरत नाही.

खरी गोष्ट अशी.

मी फौजेत होतो. एकाहत्तरच्या लढाईत माझं वय एकवीस. पंजाबच्या बाजूला, उसाच्या फडाच्या कडेनं आमचे मोर्चे होते — मोर्चा म्हणजे छातीएवढा खड्डा, दुसरं काही नाही. शेजारच्या खड्ड्यात साताऱ्याकडचा माने. आवाज करायची बंदी, म्हणून माझ्या आणि त्याच्या मनगटाला एकच सुतळी बांधलेली. एक झटका म्हणजे 'जागा आहेस का?' समोरच्यानं उलट एक झटका द्यायचा — 'आहे.' दोन झटके म्हणजे कोणीतरी येतंय. एवढीच भाषा.

तीन रात्री कुणाला झोप नव्हती. चौथ्या दिवशी उजाडताना धुकं असं पडलं की स्वतःचे बूट दिसेनात. झोपायची पाळी माझी, जागायची मानेची. बसल्या बसल्या माझा डोळा लागला. आणि खांद्यावर हात पडला…

तो त्यांच्यातला होता. धुक्यात वाट चुकला असणार, मला आपला माणूस समजला. मारायला आलेला माणूस असा हात ठेवत नाही. आपण झोपलेल्याला उठवताना ठेवतो ना, तसा ठेवला होता. मी डोळे उघडायच्या आधी माझे दोन्ही हात त्याच्या गळ्यावर होते. डोळे उघडल्यावर दिसलं की पोरगं आहे, नुसतं मिसरूड फुटलेलं. तेव्हाही मी हात काढले नाहीत. त्याच्या खिशात एक कंगवा निघाला. कंगव्यात केस अडकलेले होते.

सुतळी हललीच नव्हती. मानेचा डोळा लागला होता.

साहेबांनी पाठ थोपटली. दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं, "कहीं लगा?" म्हटलं, "नहीं साहब." म्हणाला, "तो फिर जाओ." मी गेलो.

मानेला मी कधी बोल लावला नाही. त्यानं स्वतःच लावून घेतला. फौज सुटल्यावर दर दिवाळीला त्याचं कार्ड यायचं. 'खुशाल आहे. त्या दिवशी डोळा लागला. माफी असावी.' दरवर्षी तेवढंच. मी एकाही कार्डाला उत्तर दिलं नाही. काय लिहावं कळायचं नाही, म्हणून उद्या लिहू, उद्या लिहू करत राहिलो. एका दिवाळीला कार्ड आलं नाही. दारूनं गेला म्हणून नंतर समजलं.

लढाईनंतरच्या उन्हाळ्यात माझं लग्न झालं. आठ दिवस झाले असतील. सकाळी हौसा चहा घेऊन उठवायला आली आणि तिनं माझा खांदा हलवला. तिच्या बांगड्या फुटल्या, त्या आवाजानं मी जागा झालो. तेव्हा तिचा गळा माझ्या हातात होता आणि तिचे डोळे पांढरे झाले होते.

ती पुढं आठ दिवस गळ्याला पदर गुंडाळून हिंडली. माझ्या आईला सांगितलं, गालगुंड झालंय. मला वाटलं, आता ही माहेरी जाणार, आणि गेली तर बरोबरच आहे. नवव्या दिवशी तिनं मला कालव्यावर नेलं, धुणं बाजूला ठेवलं आणि म्हणाली, "काय झालं हुतं तिकडं, ते सांगा. अर्धं नगं." मी सगळं सांगितलं. कंगव्यासकट. मला वाटलं रडेल. रडली नाही. तिनं विचारलं, "सुतळी कंच्या हाताला बांधत हुता?"

"डाव्या."

घरी येऊन तिनं जुन्या लुगड्याचा काठ फाडला, तीन पदरी वेणी घातली आणि दोरी केली. एक टोक माझ्या डाव्या मनगटाला. दुसरं तिच्या खाटेच्या पायाला.

"आता मी माने," म्हणाली. "फरक येवढाच, माजा डोळा लागत न्हाई."

पन्नासच्या वर वर्षं तसं चाललं. माझी सुट्टी असेल तेव्हा आणि पेन्शनीत आल्यावर रोजच. काठ झिजले, लुगडी गेली, नव्या दोऱ्या झाल्या. मी दचकून जागा झालो की एक झटका द्यायचो. तिकडून एक झटका यायचा. बस. मग निजायचो. आणि मला उठवायचं असेल तर ती लांब तिच्या खाटेशी उभी राहून दोन झटके द्यायची, आणि मी उलट एक दिल्याशिवाय कुणाला माझ्याजवळ फिरकू द्यायची नाही. दोरी बांधायचं काम मात्र माझं, आणि मी सैल बांधायचो. ताणली की कूस बदलताना ओढते. त्यावरून ती रोज बोलायची. "येवढी ढिली? म्हस बांधली असती तर कारखान्यापत्तुर गेली असती." आणि वाकून खाटेच्या पायाला आणखी एक वेढा मारून दोरी ताणायची. रोज. एक वेढा जास्तीचा.

कारखान्याचा भोंगा झाला की मी उसात आडवा पडायचो. ते गड्यांनी पाहिलंय, हसलेही. दिवाळीत आम्ही कालव्याच्या पलीकडं, मळ्याच्या टोकाला जाऊन बसायचो. ती सोबत शेंगा घ्यायची आणि असं दाखवायची की तिलाच फटाक्यांचा कंटाळा आहे.

भास्कर आम्हाला उशिरा झाला. त्याला तिनं सांगून ठेवलं होतं, "आण्णा निजल्यावर जवळ जायाचं न्हाई. त्यांना पित्त हाय. उठल्या उठल्या हानत्यात." पोर घाबरलं. ते माझ्याशेजारी एकदाही झोपलं नाही. मी त्याला झोपलेला मात्र रोज बघायचो, दारातून.

आणि गेल्या वैशाखात, पहाटे तांबडं फुटताना, मी जागा झालो आणि सवयीनं झटका दिला. उत्तर आलं नाही. दुसरा दिला. मला कळलं. तरी मी उठलो नाही, पडल्या पडल्या झटके देत राहिलो. उजाडून ऊन बागेत आलं तोवर. मग उठून बघितलं. हौसा झोपेतच गेली होती.

त्यानंतर भास्कर चाकणला चल म्हणून मागं लागला. त्याची दोन खोल्यांची जागा, त्यात ही ईश्वरी, माझी नात, चार वर्षांची. ती पोर झोपलेल्या माणसाच्या अंगावर जाऊन पडते, मिठी मारते, नाकात बोट घालते. मी तिथं राहिलो तर एक ना एक दिवस ती माझ्या खांद्याला हात लावणार होती. मी नाही म्हटलं. कारण सांगितलं नाही. एकदा फोनवर भास्कर तोंडावर म्हणाला, "तुमाला मानूसच नको असतं, आण्णा. आईला बी असंच लांब ठिवलं."

"व्हय, नको असतं," म्हटलं, आणि फोन ठेवला.

एकटा राहिलो. दिवसाला दहा शब्द बोलायचो, त्यातले आठ कुत्र्याशी. ते नोकरदारासारखं सकाळी यायचं, भाकरी खाऊन जायचं. रात्री मला झोप नाही, दुपारी दोन घटका पडायचो, तेही खोलीत, आतून कडी लावून. दोरी बांधायचोच. डाव्या मनगटाला एक टोक, तिच्या मोकळ्या खाटेला दुसरं. येड्याचा बाजार, पण हात आपोआप बांधायचे. तिची खाट मी त्यासाठी दुपारची आत ओढून घ्यायचो आणि संध्याकाळी परत पडवीत ठेवायचो.

आता मूळ गोष्ट.

यंदा वैशाखात हौसाचं वर्षश्राद्ध झालं. भास्कर, अश्विनी, ईश्वरी दोन दिवस आधी आले. भावकीतली माणसं आली. जेवणं उरकायला दोन वाजले. खोल्यांत पाहुण्यांची बोचकी, पातेली, पाटांची रास… पाय ठेवायला जागा नाही. मी दोन रात्री डोळ्याला डोळा लावला नव्हता. भास्कर भावकीतल्या म्हाताऱ्यांना टेम्पोत घालून स्टँडवर सोडायला गेला. अश्विनी मागच्या अंगणात भांडी घासत बसली. म्हटलं, पडवीत जरा पाठ टेकू, झोपायचं नाही. पाठ टेकण्याआधी दोरी बांधली. खोटं कशाला सांगू, सवयीनंच बांधली. सैल.

आणि माझा डोळा लागला.

तेच धुकं. तोच खड्डा. ते स्वप्न मला इतक्या वेळा पडलंय की मला पुढचं पाठ आहे — सुतळी हलत नाही, हात खांद्यावर पडतो, आणि पुढं सगळं. पण या वेळी सुतळी हलली. दोन झटके. स्वप्नातले नव्हे. स्वप्नातली सुतळी मला कधी काचत नाही. ही काचली. एक, आणि लगेच दुसरा, हौसा द्यायची तसे. पहिला हळू आणि दुसरा वैतागलेला.

मी झोपेतच उलट एक झटका दिला. 'उठलो.' आणि डोळे उघडले.

ऊन पडलेलं. माझा उजवा हात वर आलेला होता, पंजा उघडा. आणि ईश्वरी माझ्या उशाशी उभी. तिचा हात माझ्या खांद्यापासून वीतभर. दुसऱ्या हातात वडा.

मी माझा हात खाली ओढला आणि पाठीखाली दाबून ठेवला. दुसरा दोरीत होता. ईश्वरीनं खांद्यावर हात ठेवला आणि मला हलवलं.

"आजोबा, तुमी जेवलाच न्हाई. वडा खा."

"ठेव," म्हटलं.

"तोंड उघडा."

तोंड उघडलं. तिनं वडा कोंबला. पन्नास वर्षांनी झोपेतून उठताना माझ्या खांद्यावर कुणाचा तरी हात होता, आणि तोंडात वडा.

पोर आत पळाल्यावर मी उठून बसलो आणि एकेक गोष्ट तपासली. फौजेनं एवढं तरी शिकवलंय. कुत्रं लिंबोणीखाली, चाळीस पावलांवर झोपलेलं. वारा पानाला नाही. पडवीत दुसरं कोणी नाही. ईश्वरी मोरीतून ओल्या पायानं आली होती. फरशीवर तिची पावलं उमटलेली होती, दारापासून माझ्या उशापर्यंत, लहान लहान, वाळत चाललेली. दोरीकडं एक पाऊल नाही. दोरी माझ्या पायांच्या पलीकडून जाते. पोर अडखळली असंही नाही.

मग मी हौसाच्या खाटेशी गेलो.

दोरीचा एक वेढा जास्तीचा होता. दोरी ताणलेली होती.

मी तिथंच फरशीवर बसलो. अश्विनीनं येऊन बघितलं तेव्हा ती पावलं वाळून गेली होती. तिला विचारलं, "दोरीला हात लावलास का?" म्हणाली, "कसली दोरी, आण्णा?" तिला माहीतच नव्हतं. भास्करनं लहानपणी दोरी बघितली असेल, पण ती कशासाठी आणि तो जास्तीचा वेढा कशाला, हे माझ्या घरात फक्त हौसाला माहीत होतं.

संध्याकाळी भास्कर आला. त्याला बागेत नेलं आणि सगळं सांगितलं. अर्धं नाही. पोरगा, कंगवा, त्याच्या आईचा गळा, माने, दोरी, दुपारचं. तो लिंबोणीच्या बुंध्याला टेकून ऐकत होता. पानं खुडत राहिला.

"म्हंजे पित्त न्हवतं तर," म्हणाला.

"पित्त कसलं. तुज्या आईचं डोकं."

"मला वाटायचं, मी तुमाला आवडत न्हाई."

"आवडायचास. म्हनून तर."

त्यानं तोंड फिरवलं. मग म्हणाला, "आन तुमी ह्ये मला चाळीस वर्सांनी सांगताय."

मानेला तर तेवढंही लिहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी अश्विनीला दोरी समजावून सांगितली. ती शिकलेली बाई, हसली नाही. म्हणाली, "दोन म्हणजे उठा, एक म्हणजे उठलो. सोपं आहे की, आण्णा." आता ती आली की दारात उभी राहून झटके देते. ईश्वरीलाही कळलंय की आधी आईनं ओढायचं, मग आजोबा. तिला तो खेळ वाटतो. वाटू दे. भास्करनं तालुक्याच्या डॉक्टरला दाखवलं, त्यानं पुण्याच्या डॉक्टरला चिठ्ठी दिली. झोपेची गोळी चालू आहे. पुण्याची डॉक्टरीण पोरसवदा होती. तिनं विचारलं, "आजोबा, हे आधी का नाही सांगितलंत?" म्हटलं, "कुणी विचारलं न्हाई." एकीनं विचारलं होतं, ती गेली.

त्या दोन झटक्यांबद्दल डॉक्टरीण म्हणाली, माणूस झोपला तरी मन कान उघडे ठेवतं. पोरीची चाहूल मनाला लागली असेल आणि त्यानंच झटका दिल्यासारखं भासवलं असेल. असेल. मला पटण्यासारखं आहे. मग वेढ्याचं काय, म्हटलं. म्हणाली, तुम्हीच मारला असेल, सवयीनं. आता बघा, पन्नास वर्षांत तो वेढा मी एकदाही मारलेला नाही. त्यावरून मी रोज बोलणी खाल्लीत. पण माझं वय झालंय, दोन रात्री झोप नव्हती, त्या दिवशी मी काय केलं याची शपथ मी घेणार नाही. मुंजोबाच्या पारावर मी अजूनही बसतो. मेलेलं माणूस येतं यावर माझा विश्वास नाही. आणि त्या दिवशी मला कोणी उठवलं, हे मला सांगता येत नाही. दोन्ही खरं आहे.

चाकणला अजून गेलो नाही. गोळीनं बरं वाटलं की बघू, असं भास्करला सांगितलंय. तो आता दर रविवारी फोन करतो आणि आधी विचारतो, "झोप लागली का?"

ते सगळे गेले की वस्ती रिकामी होते. दुपारी मी पडवीतच पडतो, कडी लावत नाही. एक झटका देऊन बघतो. 'हायेस का?' उत्तर येत नाही. वर्षभरात एकदाच हलली ती दोरी, तीही पोरीसाठी. माझ्यासाठी नाही. हौसाचं ते तसंच होतं, कामाशिवाय उगा उठायची नाही.

तरी एक करतो. दोरी बांधताना मुद्दाम सैल सोडतो. पूर्वी सोडायचो त्याहून सैल, पार फरशीला लोळेल इतकी. उठलो की आधी तिच्या खाटेचा पाया बघतो.

सैलच असते.